अनुदान मिळतं, पण हॉल बांधून मिळत नाही

बेंगळुरूतल्या व्हाइटफील्डच्या आयटीवाल्यांत मराठी नाटकवेडे भरपूर. तालमीला मात्र सोसायटीचं क्लबहाउस, तेही रिकामं असेल तर. इथलं जागृती थिएटर 2011 साली सुरू झालं, पण ते खासगी पुढाकारातून. मग चहा घेताना कुणीतरी म्हणतंच, "सरकार हॉल बांधून देतं, आपण अर्ज तर करू!"

बांधून कुणी देत नाही. केंद्रीय सांस्कृतिक मंत्रालयाच्या कला संस्कृती विकास योजनेतून स्टुडिओ थिएटर, सभागृह, तालमीची खोली यांना महानगरात जास्तीत जास्त 50 लाख आणि इतरत्र 25 लाख रुपये मिळू शकतात. तेही खर्चाच्या 60 टक्क्यांच्या आत; ईशान्येला तेवढी सवलत जास्त. म्हणजे 70 लाखांच्या कामाला फार तर 42 लाख, उरलेले 28 लाख मंडळाचे. काम एक कोटीचं काढलंत, तर 60 नव्हे, 50 लाखांवरच गाडी थांबते. हा हिशेब ऐकला की निम्मे उत्साही चहा संपवून उठतात.

नवी इमारतच हवी, हाही गैरसमज. ध्वनियोजना, प्रकाशयोजना, वातानुकूलन यांनाही हे पैसे चालतात. माझ्या मते छोट्या मंडळांनी इथूनच सुरुवात करावी.

वारशाचं प्रकरण वेगळं. म्हैसूरचे महाराज चामराजेंद्र वडेयर यांनी 1882 मध्ये अँग्लो-इंडियनांना दिलेल्या जमिनीवर व्हाइटफील्ड वसलं; इथलं मेमोरियल चर्च 1886 चं. 'इतकं जुनं, म्हणजे सरकारच सांभाळणार' असं लोक गृहीत धरतात. प्राचीन स्मारकांच्या 1958 च्या कायद्याने वास्तू किमान शंभर वर्षांची हवी हे खरं, पण नुसतं वय पुरत नाही. ती राष्ट्रीय महत्त्वाची म्हणून केंद्राने जाहीर करावी लागते. बेंगळुरूतला टिपूचा महाल त्या यादीत आहे, हे चर्च नाही.

आणि अनुदानाचे पैसे एकदा खात्यात आले की कोण विचारतो? सगळे विचारतात. रक्कम बहुधा हप्त्याने येते, उपयोगिता प्रमाणपत्र द्यावं लागतं, हिशेब कॅगही तपासू शकतं. अनुदानातून घेतलेली मालमत्ता परवानगीशिवाय विकता येत नाही. विजेचं बिल आणि वॉचमनचा पगार मंडळाच्याच माथी.

तेव्हा आधी मंडळाची नोंदणी करा, दरवर्षीचा ताळेबंद तपासून घ्या आणि यंदाच्या वर्गणीत सीएची फीसुद्धा धरा.