आधी वाचा, मग बटण दाबा

मंडळी, पूर्वी कागदावर अंगठा उठवायचा म्हटले की आपल्या वाडवडिलांची छाती धडधडे. कागदात काय लिहिले आहे ते कळत नसे. सावकार म्हणे, "इथं लाव अंगठा," की लावला! पुढे त्याच कागदापायी शेत जाई. आता तुम्ही वाचायला शिकलात. वाचल्याशिवाय सही करीत नाही. हे फार चांगले झाले.

पण तो जुना अंगठा अजून गेलेला नाही बरं का! तो नव्या वेषात आला आहे. संगणकाच्या पडद्यावर एक प्रश्न येतो. प्रश्नाखाली बटण असते. माणूस प्रश्न वाचत नाही, नुसते बटण दाबतो. हाही अंगठाच झाला की नाही?

मुंबईत वडाळ्याला आम्ही असा एक प्रसंग पाहिला. तोच आज सांगतो. प्रिंटर, म्हणजे संगणकातला मजकूर कागदावर छापणारे यंत्र, कसे जोडावे तेही त्यातून कळेल.

गटाने यंत्र घेतले

वडाळा हे मुंबईच्या हार्बर लाइनवरचे स्टेशन. तिथे विठोबाचे जुने देऊळ आहे. ज्यांना आषाढीला पंढरपूर गाठता येत नाही, असे पुष्कळ मुंबईकर तिथे रांग लावतात. वडाळ्यातच मोटार चालवण्याचे लायसन देणारे आरटीओ कार्यालय आहे. ट्रकचा मोठा तळही आहे. लायसनचा अर्ज आता संगणकावर भरतात. अर्जाची छापील प्रत जवळ असावी म्हणून माणसे छापून देणारे दुकान शोधत फिरतात.

हे पाहून तिथल्या एका महिला बचत गटाने ठरवले, की आपणच छापून द्यावे. गटात बारा बायका. कुणी पोळीभाजीचे डबे करते, कुणी घरकाम करते. सर्वांनी साठवलेल्या पैशांतून एक प्रिंटर घेतला. संगणक गटप्रमुख मावशींच्या भाच्याचा. मावशी वर्षापूर्वीच वाचायला शिकल्या. आम्ही त्यांना नवी पुस्तके द्यायला गेलो, तेव्हा खोके नुकतेच उघडले होते. बायका भोवती जमल्या होत्या. दुसऱ्या दिवसापासून काम सुरू करायचे होते.

भाचा म्हणाला, "मावशी, तू बस. दोन मिनिटांत जोडतो."

ड्रायव्हर म्हणजे कोण?

प्रिंटर विजेला लावला आणि तार संगणकाला जोडली, एवढ्याने काम होत नाही. असे का? संगणकाची भाषा वेगळी, प्रिंटरची वेगळी. नव्या सूनबाई कानडी मुलखातल्या आणि सासूबाई मराठी बोलणाऱ्या. दोघी एका घरात आल्या, पण बोलणार कशा? मधे दुभाष्या पाहिजे. संगणक आणि प्रिंटर यांच्यामधल्या दुभाष्याला 'ड्रायव्हर' म्हणतात.

मावशी हसून म्हणाल्या, "अहो, वडाळ्यात ड्रायव्हरला काय तोटा? ट्रकतळावर जाऊन बघा!"

पण हा ड्रायव्हर माणूस नव्हे. ती संगणकात ठेवायची सूचनांची एक वही आहे म्हणा ना. पान कुठे सुरू करायचे, शाई कुठे टाकायची, हे संगणक सांगतो. ड्रायव्हर ते प्रिंटरला समजेल अशा भाषेत पोचवतो. ज्या जातीचा प्रिंटर, त्याच जातीचा ड्रायव्हर हवा. दुसरा चालत नाही.

जादूगार नव्हे, प्रश्न विचारणारा

हा ड्रायव्हर संगणकात बसवायला एक मदतनीस असतो. त्याला इंग्रजीत 'विझार्ड' म्हणतात. विझार्ड म्हणजे जादूगार. पण यात जादूटोणा काही नाही. जनगणनेचा माणूस दारात येतो, तो काय करतो? घरात माणसे किती, विचारतो. तुम्ही सांगता, तो लिहितो. मग पुढचा प्रश्न. विझार्डही असाच एकेक प्रश्न विचारतो. उत्तर दिले, 'नेक्स्ट' म्हणजे 'पुढे' हे बटण दाबले, की दुसरा प्रश्न येतो. शेवटी 'फिनिश' म्हणजे 'संपले' येते. मधेच चुकले तर 'बॅक' म्हणजे 'मागे' हे बटण असते. काहीच नको असेल तर 'कॅन्सल' म्हणजे 'रद्द'.

पाहा, सगळे किती सोपे! पण घरातली माणसे पाच असताना जर आपण पंधरा सांगितली, तर जनगणनेचा माणूस काय करणार? तो पंधराच लिहिणार. विझार्डचेही तसेच आहे. तो प्रश्न विचारतो, पण आपले उत्तर खरे की खोटे हे त्याला दर वेळी कळत नाही.

नेक्स्ट, नेक्स्ट, नेक्स्ट!

भाच्याने भराभर बटणे दाबली. नेक्स्ट, नेक्स्ट, नेक्स्ट! एका प्रश्नाला प्रिंटरच्या नावांची लांबच लांब यादी आली. तिच्यातले एक नाव त्याने निवडले. फिनिश झाले.

शेवटी विझार्डने विचारले होते, "चाचणीचे पान छापू का?" तेही भाच्याने वाचले नाही. एकदम गटाची पाच पानांची यादीच छापायला सांगितली. यंत्र थोडा वेळ गप्प राहिले. तो म्हणाला, "अरे, का येत नाही?" पुन्हा बटण दाबले. परत दाबले. असे चार वेळा केले.

मग यंत्र घरघरले आणि कागद बाहेर येऊ लागले. पण त्यांवर अक्षरे कुठली? चौकोन, फुल्या, उलटेसुलटे आकडे! एका पानावर दोन ओळी, दुसऱ्यावर एक ओळ. कोरे कागद वाया जाऊ लागले. बायका घाबरल्या. एकजण म्हणाली, "बाई गं, फसलो आपण! खराब यंत्र गळ्यात मारलं!" दुसरीच्या डोळ्यांत पाणी आले. तिचे सहा महिन्यांचे साठवलेले पैसे त्यात होते.

भाचा इंटरनेटवर उपाय शोधू लागला. पडद्यावर एक चौकट आली. 'मदतीसाठी या नंबरावर फोन करा.' त्याने फोन लावला. पलीकडचा माणूस गोड बोलला. "आठशे रुपये पाठवा. मोबाइलवर एक आकडा येईल, तो मला सांगा. लगेच दुरुस्त करतो."

मावशींनी खोके वाचले

भाचा पैसे पाठवणार, एवढ्यात मावशी म्हणाल्या, "थांब रे. या खोक्यात एक पुस्तिका आहे. तिच्यातही फोन नंबर दिलाय. तो आणि हा एकच आहे का, बघू."

त्यांनी चष्मा लावला. पुस्तिकेतला नंबर बोट ठेवून एकेक आकडा वाचला. पडद्यावरचा वाचला. दोन्ही निराळे! मावशींनी फोन घेतला आणि बंद केला. आठशे रुपये तर वाचलेच, पण तो मोबाइलवरचा आकडा सांगितला असता, तर बँकेतले सगळे पैसे जायची भीती होती.

मग मावशींनी खोक्यावरचे प्रिंटरचे नाव पाहिले. इंग्रजी त्यांना अजून नीट येत नाही. पण अक्षराचे रूप जुळवता येते आणि आकडे तर ओळखीचेच. खोक्यावरच्या नावाच्या शेवटी होता ५. भाच्याने यादीतून निवडलेल्या नावाच्या शेवटी होते ०. एका आकड्याचा फरक! दुभाष्याच चुकीचा बसला होता. यंत्रात दोष नव्हता, ते विकणाऱ्याची लबाडी नव्हती. चूक न वाचता दाबलेल्या बटणाची होती.

भाचा ओशाळला. पण मावशी त्याला रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "आता तू मोठ्यानं वाच आणि मराठीत सांग. मी हो म्हटलं की मगच दाब."

आधी छपाईची जी कामे रांगेत अडकली होती, ती रद्द केली. चुकीचा प्रिंटर यादीतून काढला. प्रिंटरची तार सोडवली. पुस्तिकेत कंपनीचा इंटरनेटवरचा पत्ता होता. तो अक्षर न् अक्षर जुळवून लिहिला. तिथून त्याच आकड्याचा ड्रायव्हर उतरवून घेतला. विझार्ड सुरू झाला. त्याने पहिलीच सूचना दिली, "मी सांगेन तेव्हाच तार जोडा." मावशी म्हणाल्या, "बघ! मघाशी तू आधीच जोडली होतीस."

या वेळी चाचणीचे पान छापले. ते स्वच्छ आले. मग गटाची यादी छापली. बारा जणींची नावे मराठीत, ठसठशीत! जिच्या डोळ्यांत पाणी होते, तिने आपले नाव स्वतः वाचले. आता तिच्या डोळ्यांत पुन्हा पाणी आले, पण ते निराळे.

छापखान्याची जुनी चाल

चाचणीचे पान ही काही नवी गोष्ट नव्हे. मुंबईत मराठी छपाईची परंपरा जुनी आहे. गणपत कृष्णाजी यांनी १८३१ साली मुंबईत मराठी पंचांग शिळाछापावर छापले. जावजी दादाजी यांनी १८६९ साली निर्णयसागर छापखाना काढला. त्यांच्या सुबक अक्षरांचे नाव सगळीकडे झाले. त्या काळी जुळारी एकेक खिळा उचलून ओळ जुळवी. मग आधी एक कच्चा छाप काढीत. त्याला प्रूफ म्हणतात. कुणीतरी ते बारकाईने वाची, चुका दुरुस्त होत, आणि मगच हजारो प्रती छापत.

आधी एक पान, ते वाचायचे, मग बाकीची. यंत्रे बदलली, पण ही चाल अजून खरी आहे.

तुमच्या गावात

तुमच्या गावातही असे यंत्र येईल. ग्रामपंचायतीत असेलच. दूध सोसायटीत येईल, तुमच्या बचत गटातही येईल. सातबाऱ्याचा उतारा आता इंटरनेटवरून मिळतो आणि तो छापावा लागतो. तेव्हा यंत्र जोडताना तुम्ही बाजूला बसून राहू नका. "आम्हांला काय कळतंय!" असे म्हणू नका. जोडणाऱ्याला म्हणा, "दादा, काय विचारलंय ते वाचून दाखव." पैसे तुमचे आहेत. विचारण्याचा हक्कही तुमचाच आहे.

लक्षात ठेवा

१. प्रिंटरच्या आतबाहेर लावलेल्या चिकटपट्ट्या आधी काढा. एक जरी आत राहिली तरी यंत्र अडते.

२. खोक्यावरचे नाव आणि आकडा वहीत लिहून घ्या. पडद्यावरच्या नावाशी तो जुळवा.

३. तार केव्हा जोडायची ते पुस्तिकेत वाचा.

४. प्रत्येक प्रश्न वाचा. समजला नाही तर विचारा. मगच 'नेक्स्ट' दाबा.

५. आधी चाचणीचे एक पान छापा.

६. छपाई आली नाही तर पुन्हापुन्हा बटण दाबू नका. जितक्या वेळा दाबाल, तितक्या प्रती निघतील. वीज, तार, कागद आणि शाई पाहा.

७. शाई फवारणारा प्रिंटर पुष्कळ दिवस बंद ठेवू नका, शाई वाळते. आठवड्याला एखादे पान छापा.

८. मदतीचा फोन नंबर पुस्तिकेतलाच घ्या. मोबाइलवर आलेला गुप्त आकडा कुणालाही सांगू नका. तरीही फसवणूक झालीच, तर लगेच १९३० या सरकारी नंबरावर कळवा.

उत्तरे सांगा

ड्रायव्हरला दुभाष्या का म्हटले आहे?

मावशींनी कोणत्या दोन गोष्टी जुळवून पाहिल्या?

न वाचता बटण दाबणे म्हणजे अंगठा उठवणे, असे आम्ही का म्हणतो?