प्रकाशा : तापीकाठची दक्षिण काशी

नंदुरबार जिल्ह्यातील शहादा तालुक्यात, सातपुड्यातून येणारी गोमाई जिथे तापीला मिळते, तिथे प्रकाशा हे गाव आहे. संगम आणि काठावरची शिवालये यांमुळे त्याला ‘दक्षिण काशी’ म्हणतात. काशीयात्रा करून आलेल्याने प्रकाशाला दर्शन घेतले की यात्रा पुरी होते, अशी खानदेशात श्रद्धा आहे.

वस्ती मात्र देवळांहून कितीतरी जुनी. १९५५ मध्ये भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचे बी. के. थापर यांनी इथल्या पांढरीच्या टेकाडात उत्खनन केले. तळाशी इ. स. पू. १७०० ते १३०० या सुमाराची ताम्रपाषाणयुगीन वस्ती लागली. तिच्या खालच्या थरात माळवा पद्धतीची खापरे होती. वरच्या थरात दख्खनची जोर्वे खापरे आणि गुजरातकडची चकचकीत तांबडी भांडीही आढळली. तिन्ही प्रदेशांशी या नदीकाठाचा संबंध होता, हे त्यावरून कळते. मध्यंतरी वस्ती उठली. लोहयुगात पुन्हा बसली आणि टेकाडावर इ. स. अकराव्या शतकापर्यंत नांदली.

यादवकाळात खानदेशात देवळे बांधली गेली, ती हेमाडपंती पद्धतीची. यादवांचा मंत्री हेमाद्री तेराव्या शतकातला. त्याच्या नावाने ओळखली जाणारी शैली मात्र त्याच्या आधीपासून रुळलेली होती. या बांधणीत घडीव दगड चुन्याविना बसवतात. एका दगडात खाच आणि दुसऱ्याला तिच्यात घट्ट बसणारा उंचवटा ठेवतात. बाकी काम वजन करते. छतासाठी चौकोनाच्या कोपऱ्यांवर तिरप्या शिळा टाकत उघडी जागा कमी करत नेतात आणि शेवटी एका शिळेने झाकतात. संगमावरचे संगमेश्वर याच परंपरेतले मानले जाते.

केदारेश्वराच्या देवळासमोर दगडी दीपमाळ आहे. पुष्पदंतेश्वराचे नाव शिवमहिम्न स्तोत्राचा कर्ता मानल्या जाणाऱ्या पुष्पदंत गंधर्वाशी जोडलेले आहे. गौतमेश्वराची यात्रा दर बारा वर्षांनी, गुरू सिंह राशीत आला की भरते. नाशिक-त्र्यंबकेश्वरचा सिंहस्थही याच योगावर असतो. एरवी महाशिवरात्रीला आणि श्रावणात गर्दी होते. घाटावर अस्थिविसर्जन आणि पितरांचे विधी वर्षभर चालू असतात. त्यासाठी शेजारच्या गुजरात आणि मध्य प्रदेशातूनही लोक येतात.