व्यक्तीची ओळख व आकर्षण यांतील वैविध्य : महाविद्यालयीन शिक्षकांची भूमिका

प्रस्तावना : भिन्नलिंगी आकर्षण हेच नैसर्गिक, हा समज वर्गातील काही विद्यार्थ्यांना मूक करतो. शिक्षकाने हा विषय समजून घेणे म्हणूनच अगत्याचे ठरते.

संकल्पना : लिंगभाव ओळख म्हणजे व्यक्ती स्वतःला स्त्री, पुरुष वा अन्य काय मानते ती जाणीव, लैंगिक कल म्हणजे तिला कोणाविषयी आकर्षण वाटते ते. या दोन्ही बाबी भिन्न आहेत. सर्व तृतीयपंथी समलिंगी नसतात आणि समलिंगी पुरुषाला आपण पुरुष असल्याविषयी शंका असतेच असे नाही. जागतिक आरोग्य संघटनेने १९९० साली समलैंगिकता रोगांच्या यादीतून वगळली.

मराठी परंपरा : र. धों. कर्वे यांनी १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’ मासिकातून लैंगिक प्रश्नांची शास्त्रीय चर्चा केली. वाचकांच्या अशाच प्रश्नांना दिलेल्या उत्तरांवरून त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला भरला गेला. १९३४ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्यांचे वकीलपत्र घेतले. दंड टळला नाही. परंतु लैंगिक प्रश्न विचारणे व त्याचे उत्तर देणे हा ज्ञानव्यवहार आहे, ही भूमिका न्यायालयात मांडली गेली. विजय तेंडुलकरांचे ‘मित्राची गोष्ट’ हे नाटकही याच परंपरेत समलिंगी तरुणीचे दुःख मांडते.

कायदा : सर्वोच्च न्यायालयाने १५ एप्रिल २०१४ रोजी तृतीयपंथीयांचा स्वतःची लिंगओळख ठरविण्याचा अधिकार मान्य केला आणि ६ सप्टेंबर २०१८ रोजी प्रौढांमधील संमतीचे समलिंगी संबंध गुन्ह्याच्या कक्षेबाहेर काढले. मात्र १७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालात समलिंगी विवाहास मान्यता मिळाली नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१६ च्या दुरुस्तीद्वारे लिंगभाव वा लैंगिक कल यांवरून होणारा छळ व बहिष्कार रॅगिंगच्या व्याख्येत आणला. म्हणजेच ‘बायल्या’ म्हणून सतत हिणवणे ही गंमत नसून दखलपात्र वर्तन आहे.

शिक्षकांची भूमिका : तिरोड्यासारख्या तालुक्याच्या ठिकाणी ओळखीचे जाळे दाट असते, वर्गातील कुजबुज सायंकाळपर्यंत विद्यार्थ्याच्या गावी पोहोचू शकते. त्यामुळे गोपनीयता हे शिक्षकाचे पहिले कर्तव्य होय. विद्यार्थ्याने विश्वासाने सांगितलेली बाब त्याच्या संमतीविना सहकाऱ्यांना वा पालकांना सांगू नये. ‘उपचार’ वा लग्नाचा सल्ला देऊ नये. त्याने स्वीकारलेल्या नावाने त्यास संबोधावे आणि आवश्यकता भासल्यास प्रशिक्षित समुपदेशकाकडे पाठवावे. रॅगिंगविरोधी समितीने प्रवेशाच्या वेळीच २०१६ ची दुरुस्ती विद्यार्थ्यांस समजावून सांगावी.

निष्कर्ष : आदर राखण्यासाठी प्रत्येक मताशी सहमत असणे आवश्यक नाही, समोरच्या व्यक्तीची प्रतिष्ठा मान्य करणे पुरेसे आहे. शिक्षण अर्धवट सोडण्याच्या उंबरठ्यावरील एखादा विद्यार्थी त्या बळावर वर्गात टिकू शकतो.