देवराई पाहावयास जाताना

शहाड म्हटलं की डोळ्यांपुढे उभं राहतं ते कारखान्याचं धुराडं, विठ्ठलाचं बिर्ला मंदिर आणि लोकलची गर्दी. या गावाच्या नावाशी रानाचा संबंध सहसा कुणी जोडणार नाही. पण कल्याणहून मुरबाडला जाणारी एस. टी. शहाडवरूनच जाते. म्हारळ, वरप, कांबा ही गावे मागे टाकून, रायत्याला उल्हास नदी ओलांडून ती तुम्हाला मुरबाडात सोडते. तिथून म्हसा. पौषातल्या म्हसोबाच्या जत्रेचे आणि बैलबाजाराचे म्हसा ते हेच. म्हशाच्या पुढे देहरी आणि खोपिवली. समोर गोरखगड-मच्छिंद्रगडाचे सुळके, बाजूला सिद्धगड. भाई कोतवाल आणि हिराजी पाटील १९४३ च्या जानेवारीत गोळीबारात पडले ते या सिद्धगडाच्याच रानात. या सर्वांमागे सह्याद्रीची सलग भिंत आहे. खोपिवलीवरून आहुपे घाटाची जुनी पायवाट ती भिंत चढते आणि माथ्यावर, पुणे जिल्ह्याच्या आंबेगाव तालुक्यात, आहुपे गाव लागते. ज्यांना घाट चढवणार नाही त्यांनी मंचर, घोडेगाव, डिंभे अशा गाडीरस्त्याने यावे. महादेव कोळ्यांच्या या गावाने भैरवनाथाची एक देवराई राखली आहे. अशा राईत पाहायचे काय, आणि पाहायला जाताना वागायचे कसे, एवढेच आज सांगायचे आहे.

देवराई म्हणजे देवाच्या नावाने सोडलेले रान. रत्नागिरी-सिंधुदुर्गात तिला देवरहाटी म्हणतात, कोडगूत देवरकाडू, केरळात काव, राजस्थानात ओरण. कुठे ती चार जुन्या झाडांची असते, कुठे पंचवीस-पन्नास एकरांची. देव बहुधा उघड्यावरचा असतो. शेंदूर लावलेला तांदळा, भैरोबा, वाघोबा, काळकाई किंवा नुसती 'रानातली बाई'. सगळ्या गावांत सारखा आहे तो एकच धागा: या हद्दीत कुऱ्हाड चालवायची नाही. पुढचे कलम मात्र गावागणिक बदलते. एका गावात सुकी काटकीसुद्धा उचलायची नाही. दुसऱ्या गावात वाऱ्याने पडलेले लाकूड देवाच्या कामाला चालते, तेही कौल लावून. मावळातल्या अजिवलीच्या राईत भेरली माडाची माडी काढली जात असे. तेव्हा देवराई म्हणजे सगळेच मना, असे धरून चालू नये. ज्या गावची राई, त्या गावचा नेम विचारावा.

हा नेम किती मोलाचा आहे ते कळायला राईच्या बाहेर उभे राहिले पाहिजे. मुरबाड-शहापूरकडच्या शेतकऱ्याला राब सांगायला नको. भाताचे रोप टाकण्याआधी वाफ्यावर फांद्या, पालापाचोळा आणि शेण पसरून ते भाजतात. त्यासाठी ऐनाच्या फांद्या दरसाल छाटल्या जातात. अशी झाडे खांबासारखी उभी राहतात, वर चार फुटवे. त्यातच आगगाडी आली. १८५३ साली ती ठाण्यापर्यंत धावली, १८५४ साली कल्याणपर्यंत. रुळांखाली स्लीपर हवेत, मुंबईला जळण हवे, कोळसा हवा. ठाणे जिल्ह्याच्या रानांतून हे सगळे गेले. शेतकऱ्याने राब केला म्हणून रान संपले असे म्हणणारे या दुसऱ्या हिशोबाकडे डोळेझाक करतात, हे मला पटत नाही. एवढ्या ओढाताणीतही ज्या तुकड्यांवर गावाने हात पडू दिला नाही, ते तुकडे आज देवराई म्हणून दिसतात.

आत शिरल्यावर पहिल्यांदा जाणवतो तो गारवा. मग अंधार. डोळे सरावले म्हणजे दिसते की हे रान माळ्यामाळ्यांचे आहे. अगदी वर उंच झाडांचे छत, त्याखाली अंजनासारखी मधली झाडे, त्याखाली झुडपे, आणि पायाखाली वर्षानुवर्षांचा पाचोळा. एका झाडावरून दुसऱ्यावर, दुसऱ्यावरून तिसऱ्यावर मांडीएवढ्या जाडीचा गारंबीचा वेल गेलेला असतो. त्याच्या शेंगा हातभरापेक्षाही लांब भरतात. वर फांद्या हलल्या तर मान वर करावी. तांबूस पाठीचे, झुबकेदार शेपटीचे शेकरू असेल. शेकरू हा आपल्या राज्याचा प्राणी. त्याच्यासाठी १९८५ साली भीमाशंकरचे अभयारण्य झाले, आणि आहुपे त्याच परिसरातले. शेकरू सहसा जमिनीवर उतरत नाही. फांदीवरून फांदीवर उड्या मारीतच त्याचा संसार चालतो. मधली झाडे गेली की त्याची वाटच तुटली. म्हणून दोन झाडांमधले अंतरसुद्धा येथे जपण्याची वस्तू आहे.

पण शेतकऱ्याच्या दृष्टीने राईतली सर्वांत मोलाची गोष्ट पायाखाली आहे. तो पाचोळा वाळवी, गांडुळे, बुरशी खातात, त्याची काळी भुसभुशीत माती होते. उघड्या मुरमावर पावसाची सर पडली की पाणी माती घेऊन धावत सुटते. राईत तीच सर आधी पानांवर फुटते, मग पाचोळ्यावर झिरपते आणि सावकाश जमिनीत उतरते. झाड काही पाणी तयार करीत नाही, उलट ते स्वतः पाणी पिते. पाणी धरून ठेवते ती राईतली माती. म्हणूनच पुष्कळ देवरायांच्या कडेला झरा, कुंड किंवा टाके सापडते. आहुप्याच्या माथ्यावर पडलेला पाऊस दोन वाटांनी जातो. पूर्वेकडचा घोड नदीतून भीमेला मिळतो. पश्चिमेचा कड्यावरून उतरून मुरबाडच्या ओढ्या-नद्यांतून शेवटी उल्हासेत येतो, म्हणजे शहाडच्या बाजूलाच.

इंग्लंडातही लोक सुटीच्या दिवशी गावाजवळचे लहानसे रान पाहायला जातात. सफोक परगण्यात ब्रॅडफील्डचे रान आहे. ते एका मठाच्या मालकीचे होते, आणि तेथील तोडीची रीत १२५२ सालापासून चालत आल्याचे सांगतात. होय, तोडीचीच! तिकडे हेझल नावाचे झुडूप बुंध्याशी कापतात, आणि ऊस तोडल्यावर खोडवा फुटावा तसे ते पुन्हा फुटते. आज रानाचा हा तुकडा कापायचा, पुढल्या साली पलीकडचा. अशी फेरी पुरी होईतो पहिला पुन्हा वाढलेला असतो. कापलेल्या जागी ऊन पडते आणि वसंतात जमीन फुलांनी भरून जाते. तिकडचे रान पाळीपाळीने कापून राखले, आमचे रान अजिबात न कापून राखले. रीती उलट्या, पण दोन्हीकडे रानाला धनी होता आणि वापराला नेम होता. तिकडेही १९६० नंतर शेतीसाठी या रानाचा बराच भाग साफ करण्यात आला, लोकांनी आरडाओरडा केला तेव्हा उरलेला वाचला.

तसाच प्रसंग आपल्याकडे श्रीवर्धन तालुक्यातल्या गाणी गावावर आला. काळकाईच्या राईतली झाडे वनखात्याने तोडीसाठी धरली होती. भोवतीचे रान आधीच गेले होते, आणि बारमाही ओढा उगम पावत होता तो या राईतून. राई गेली तर ओढा जाईल, हे गावकऱ्यांनी ओळखले. त्यांनी पुण्याच्या महाराष्ट्र विज्ञानवर्धिनीतले वनस्पतिशास्त्रज्ञ वा. द. वर्तक यांच्याकडे धाव घेतली. वर्तक आणि माधव गाडगीळ यांनी राई पाहिली, खात्याशी बोलले, आणि तोड थांबली. पुढे या दोघांनी १९७६ साली देवरायांवर जो निबंध प्रसिद्ध केला त्याने जगातल्या अभ्यासकांचे लक्ष इकडे वळले. पण पत्र आधी गावाने लिहिले होते, हे विसरू नये.

आता धोक्याची बाजू. कुणी म्हणेल, देवाचा धाक आहे तोवर राईला भीती नाही. मला तसे वाटत नाही. पुष्कळ राया धाक उडाल्यामुळे गेल्या हे खरे, पण काही भक्तीनेही गेल्या आहेत. उघड्यावरचा देव गैरसोयीचा वाटू लागतो. वर्गणी जमते, सिमेंटचे देऊळ येते, मग सभामंडप, मग त्याला रस्ता, मग गाड्या लावायला जागा. पैसे कमी पडले की राईतलीच दोन जुनी झाडे विकली जातात. देव मोठा झाला आणि राई लहान झाली! देवाला ऊनपाऊस लागू नये ही भावना चांगली आहे. परंतु त्याचे छप्पर त्याच्या डोक्यावर आधीपासून होते, हे गावच्या बैठकीत कुणीतरी उठून सांगायला हवे, आणि ते काम शिक्षकाइतके चांगले दुसरा कोण करील?

कायद्याची एक गोष्ट ग्रामसभेला ठाऊक असावी. १८७८ आणि १९२७ च्या जंगल कायद्यांनी रानावर सरकारची मालकी घट्ट केली. त्यात कित्येक देवराया कागदावर सरकारी झाल्या आणि राखण तेवढी गावाकडे राहिली. २००६ च्या वनहक्क कायद्याने मात्र परंपरेने राखलेले सामूहिक वन सांभाळण्याचा हक्क गावाला दिला आहे. त्यासाठी दावा ग्रामसभेतून करावा लागतो, हद्द दाखवावी लागते, म्हाताऱ्या माणसांचे जबाब घ्यावे लागतात. ती माणसे आहेत तोवर हे करून घ्यावे.

शिक्षकांनी मुले न्यावयाची असतील तर पावसाळा संपल्यावर, भातकापणी आटोपली की न्यावीत. भर पावसात घाटवाट निसरडी असते आणि कड्याजवळ धुके दाटते. एका वेळी वीस-पंचवीस मुलांवर नेऊ नयेत. पोचताच गावातल्या जाणत्या माणसाला भेटावे. "बाबा, पोरांना राई दाखवायची आहे, तुमचा नेम काय?" एवढे विचारले की तो बहुधा स्वतःच पुढे होतो, आणि त्याच्यासारखा मास्तर पुस्तकात मिळत नाही. चपला कुठे काढायच्या, कुठवर जायचे, तो सांगेल. खाणे हद्दीबाहेर, कागद, पिशव्या परत पिशवीत. गाणी वाजवण्याचे यंत्र बरोबर असेल तर ते बंदच राहू द्यावे, नाहीतर शेकरू दिसायचे नाही.

सोबत एक उष्णतामापक घ्यावा. उन्हात नको, आधी राईबाहेर एखाद्या एकट्या झाडाच्या सावलीत, मग राईच्या मध्यभागी, असा पारा दोनदा वाचावा. मुलांना आकडे वहीत मांडू द्यावेत. राखणदाराची परवानगी असेल तर तांब्याभर पाणी बाहेरच्या मुरमावर आणि तांब्याभर आतल्या मातीवर ओतावे, आणि ते मुरायला किती वेळ लागतो ते घड्याळावर मोजावे. पाण्याचा सगळा धडा त्यात येतो. परतताना छाटलेला ऐन आणि न छाटलेला ऐन शेजारी दिसले तर थांबून दोहोंचे चित्र काढायला सांगावे.

गारंबीची बी तळहाताएवढी पसरट, तपकिरी, गुळगुळीत असते. ती पाचोळ्यात दिसली की मुलांचा हात आपोआप तिकडे जातो. आधी राखणदाराला विचारावे. 'नको' म्हटलं तर होती तिथेच ठेवावी. शाळेच्या संग्रहाला बेहडा आणि ऐनाची पंखवाली फळे हिवाळ्यात घाटाच्या वाटेवर, हद्दीच्या बाहेर, हवी तेवढी पडलेली मिळतात.