दारूमुक्तांचा एक आगळा मेळावा

दिवाळीच्या सुट्टीत एक जुना पेशंट पेढ्यांचा पुडा घेऊन दवाखान्यात आला. वय चाळिशीच्या पुढे, तब्येत चांगली, चेहऱ्यावर तकतकी. "डॉक्टरकाका, ओळखलंत का? दारू सोडून पाच वर्षं झाली," असे म्हणत त्याने पेढा माझ्या हातावर ठेवला. ओळख पटायला मला जरा वेळ लागला. कारण शेवटचे पाहिले तेव्हा त्याचे डोळे हळदीसारखे पिवळे होते आणि हातात पाण्याचा पेलाही धरवत नव्हता. (त्याच्या संमतीने ही हकिगत लिहीत आहे. ओळख पटेल अशा खुणा अर्थातच बदलल्या आहेत.)

हा मुलगा २००७ साली वडिलांबरोबर प्रथम माझ्याकडे आला. नुकताच इंजिनिअर झालेला, पण रोज संध्याकाळी पिणारा. वडील बाहेर गेल्यावर त्याने खाली मान घालून सांगितले की, आपल्याला मुलींविषयी ओढ वाटत नाही, पुरुषांविषयी वाटते. मी ते ऐकून घेतले, वडिलांना आत बोलावले आणि मोठ्या आत्मविश्वासाने सांगितले, "लग्न करून द्या. जबाबदारी पडली की सगळं सुटेल."

लग्न झाले. दोन वर्षांत काडीमोडही झाला. दारू सुटली नाहीच, उलट दुपटीने वाढली. एका निरपराध मुलीच्या आयुष्याची दोन वर्षे त्यात होरपळली. माझ्या त्या सल्ल्यात वैद्यकशास्त्र काडीचेही नव्हते. जागतिक आरोग्य संघटनेने समलैंगिकता आजारांच्या यादीतून १७ मे १९९० रोजीच काढून टाकली होती. म्हणजे माझ्या हाती डॉक्टरकीची पदवी पडण्यापूर्वीच!

पुढे तो नोकरीसाठी कॅलिफोर्नियात गेला. तिथे दारू सुटली कशी, हे त्याच्याच तोंडून ऐकले आणि ते वाचकांपुढे ठेवावेसे वाटले.

तीन दिवसांचा मेळावा

तो म्हणाला, "आधी मी तिथल्या ए.ए.च्या सभेला जायचो. दारूबद्दल खरं बोलायचो, बाकी सगळं खोटं. बायको सोडून गेली म्हणून पितो, असं सांगायचो. दोन-तीन महिने टिकायचो आणि पुन्हा घसरायचो. मग एकाने मला शनिवार-रविवारच्या मेळाव्याला नेलं."

ए.ए. म्हणजे अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस, दारू सोडू इच्छिणाऱ्यांची संघटना. तिचे सभासद असलेले समलिंगी स्त्री-पुरुष, दोन्हींचे आकर्षण असणारे आणि पारलिंगी लोक अमेरिकेतील अनेक शहरांत दरवर्षी असे मेळावे भरवतात. त्यांना 'राउंडअप' म्हणतात. हा मुळात गुराख्यांचा शब्द. रानात पांगलेली जनावरे एकत्र वळवून आणणे, असा त्याचा अर्थ. कळपातून सुटलेल्यांना पुन्हा एकत्र आणणाऱ्या मेळाव्याला हे नाव शोभते.

शुक्रवारी संध्याकाळी लोक जमतात ते रविवारी दुपारपर्यंत. एखाद्या हॉटेलचे सभागृह घेतलेले असते, पण मेळाव्यात दारूचा थेंब नसतो. कॉफीची किटली मात्र अखंड चालू. दिवसभर लहान-मोठ्या सभा असतात. कोणी व्यासपीठावरून आपली कहाणी सांगतो: आधी काय होते, काय घडले आणि आता कसे आहे. भाषण ठोकायला कोणी येत नाही. नातेवाइकांसाठी वेगळ्या सभा असतात. रात्री जेवण, गाणी आणि नाच. "काका, दारू न पिता नाचता येतं हे मला सदतिसाव्या वर्षी कळलं," असे तो हसत म्हणाला.

अशा मेळाव्यातला एक कार्यक्रम मला फार भावला. सूत्रसंचालक विचारतो, चाळीस वर्षांहून अधिक काळ दारूमुक्त कोण? दोन-चार म्हातारे उभे राहतात. मग तीस, वीस, दहा, एक वर्ष, एक महिना असे करत शेवटी 'फक्त एक दिवस'. जो कालच प्यायचा थांबला, तो थरथरत्या पायांनी उभा राहतो आणि सर्वांत मोठा टाळ्यांचा कडकडाट त्याच्यासाठी होतो. आमचा हा मुलगा पहिल्या मेळाव्यात चौथ्या दिवसाचा होता.

वेगळी चूल कशासाठी?

वाचक विचारतील, दारू सर्वांची सारखीच, मग मेळावा वेगळा का? त्याला कारण आहे. अमेरिकेत कित्येक दशके समलिंगी लोकांना मोकळेपणाने भेटायला दारूच्या गुत्त्याखेरीज जागाच नव्हती. त्यांच्या हक्कांच्या चळवळीला ज्या घटनेने जोर आला, ती २८ जून १९६९ ची न्यूयॉर्कमधील पोलीस धाडही स्टोनवॉल नावाच्या बारवरच पडली होती. मैत्री, प्रेम आणि सण सारे बारमध्येच. अशा माणसाने दारू सोडायची म्हणजे सगळा गोतावळाच सोडायचा!

दुसरे कारण मनाचे. घरी, कचेरीत, लग्नसमारंभात सतत काहीतरी लपवत जगण्याचा ताण असतो. तो दोन पेले घेतल्यावर तात्पुरता सैल होतो. या समाजात व्यसनाचे प्रमाण इतरांपेक्षा अधिक असल्याचे अमेरिकेतील पाहण्यांत वारंवार आढळले आहे. त्याचे मूळ स्वभावात नसून या ताणात व अवहेलनेत आहे, असे तज्ज्ञ मानतात.

ए.ए.ची स्थापना १९३५ साली अमेरिकेतील अ‍ॅक्रन गावी झाली. शेअर दलाल बिल विल्सन आणि शल्यचिकित्सक डॉ. बॉब स्मिथ हे तिचे संस्थापक, दोघेही स्वतः मद्यपाशात सापडलेले. संघटनेच्या आरंभीच्या काळातच एक जण आला आणि म्हणाला, "दारूहूनही जास्त बदनामीची एक गोष्ट माझ्यापाशी आहे. मला आत घ्याल का?" बरीच चर्चा होऊन त्याला घेतले गेले. तो समलिंगी होता, हे पुढे विल्सन यांनीच सांगितले. सभासदत्वाला दारू सोडण्याच्या इच्छेखेरीज दुसरी अट नाही, हे तत्त्व अशा अनुभवांतून पक्के झाले. तरीही समलिंगी सभासदांच्या गटांची नावे संघटनेच्या अधिकृत यादीत छापण्याचा निर्णय व्हायला १९७४ साल उजाडले.

घरच्यांसाठी चार सूचना

१. रोज भरपूर पिणाऱ्याने घरच्या घरी एकदम दारू बंद करू नये. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते आणि दोन ते चार दिवसांत भ्रम होऊन जिवावर बेतू शकते. डॉक्टरांच्या देखरेखीखालीच सोडावी. अशा रुग्णाला ग्लुकोजचे सलाइन लावण्यापूर्वी बी-१ जीवनसत्त्व देणे आवश्यक असते.

२. चहात किंवा भाजीत दारू सोडवण्याची गोळी गुपचूप मिसळू नका. डायसल्फिरामवर माणूस दारू प्यायला तर रक्तदाब एकदम उतरून प्राण जाऊ शकतो. ही गोळी रुग्णाला सांगूनच आणि वैद्यकीय सल्ल्यानेच द्यायची असते.

३. रक्ताची उलटी, काळी शौच, कावीळ, पोटात पाणी होणे किंवा बरळणे यांपैकी काहीही दिसले तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा.

४. लग्न हा व्यसनावरचा उपाय नाही. समलिंगी मुला-मुलीचे बळजबरीने लग्न लावणे म्हणजे दोन घरे जाळणे. 'औषधाने हे बदलून देतो' म्हणणाऱ्यांच्या नादी लागू नका. असे उपचार करणे हे डॉक्टरचे गैरवर्तन ठरते, असे राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ साली स्पष्ट केले आहे.

आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ रोजी प्रौढांमधील संमतीचे समलिंगी संबंध गुन्ह्याच्या कक्षेतून बाहेर काढले. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानुसार लैंगिक कलावरून उपचारांत भेदभाव करता येत नाही. पुण्याचे मुक्तांगण १९८६ पासून व्यसनमुक्तीचे काम करीत आहे आणि महाराष्ट्रात ए.ए.च्या सभाही भरतात. व्यसनमुक्तीसाठी १४४४६ आणि मानसिक आरोग्यासाठी १४४१६ हे सरकारी मदतक्रमांक विनामूल्य आहेत.

आपल्या जिल्ह्यात उद्या असा मेळावा भरेल असे मी म्हणत नाही. पण त्या तीन दिवसांत जे मिळते, ते एका खोलीतही देता येते. समोरच्याला खोटे बोलावे लागू नये, एवढेच ते आहे. दारू सोडणाऱ्याला निम्मे आयुष्य लपवायला लावले, तर उरलेल्या निम्म्यावर दारू टपलेलीच असते.

निघताना त्याने सांगितले की, ए.ए.च्या बारा पायऱ्यांत आपल्यामुळे दुखावलेल्यांची भरपाई करण्याची एक पायरी आहे. त्यानुसार त्याने पूर्वीच्या पत्नीला माफीचे पत्र लिहिले. मी म्हणालो, "त्या पत्रावर माझीही सही हवी होती." तो काही बोलला नाही, फक्त पेढ्यांचा पुडा पुन्हा माझ्यापुढे सरकवला.

आता दारूचा रुग्ण आला की नातेवाइकांना बाहेर बसवून मी त्याला विचारतो, "मनात असं काही आहे का, जे कुणालाच सांगता आलेलं नाही?" उत्तर काहीही आले तरी चेहरा बदलू द्यायचा नाही, हे मला उशिरा का होईना, माझ्या पेशंटने शिकवले.