बॅन्टम गाडीची रेझिन-प्रतिकृती

दुसऱ्या महायुद्धात जीप गाडीचे नाव सर्वतोमुखी झाले. परंतु ती प्रथम ज्या कारखान्यात जन्मास आली, त्याचे नाव फार थोड्यांच्या स्मरणात उरले आहे. अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया राज्यातील बटलर या गावी अमेरिकन बॅन्टम नावाची लहानशी कंपनी होती. सैन्यास हवी असलेली हलकी, चारही चाकांना इंजिनाची गती मिळणारी गाडी तिने ४९ दिवसांच्या मुदतीत सिद्ध केली आणि २३ सप्टेंबर १९४० रोजी बॉल्टिमोर येथील होलाबर्ड तळावर नेऊन उभी केली. पुढे सैन्याने तिचे आराखडे विलीज व फोर्ड या बड्या कंपन्यांच्या हाती दिले. त्या दोघींनी मिळून सहा लाखांहून अधिक जीपगाड्या बांधल्या. बॅन्टमच्या वाट्यास तीन हजारदेखील आल्या नाहीत.

संख्येने अशा विरळ असलेल्या गाड्यांची प्रतिकृती करण्यास रेझिन, म्हणजे एक प्रकारची कृत्रिम राळ, फार उपयोगी पडते. प्लॅस्टिकचे भाग काढण्यास पोलादी साचे लागतात आणि त्यांचा खर्च हजारो प्रतींची विक्री झाल्यावाचून भरून येत नाही. रेझिनचे तसे नाही. कारागीर प्रथम मूळ नमुना हाताने घडवितो व त्याभोवती सिलिकोन रबर ओतून साचा घेतो. मग दोन द्रव एकत्र कालवून त्यात ओतले की थोड्याच वेळात ते घट्ट होतात. रबराचा साचा काही डझन प्रती काढल्यावर फाटू लागतो. पण हौशी मंडळींची अल्प मागणी तेवढ्यावर भागते.

प्रतिकृतीचे सर्व मर्म प्रमाणात आहे. सुमारे सव्वातीन मीटर लांबीची ही गाडी १:३५ या प्रमाणात जेमतेम नऊ सेंटीमीटर भरते. दीड मिलिमीटर जाडीचा पत्रा या हिशेबाने ०.०४ मिलिमीटर व्हावयास हवा; इतका पातळ भाग ओतता येत नाही. म्हणून चाकांवरील पंखांच्या व समोरील काचेच्या चौकटीच्या कडा तरी घासून पातळ कराव्या लागतात. कडा जाड राहिल्या तर गाडी खेळण्यासारखी दिसते.

ओतीव भागांवर साच्यातील तेलकट लेप राहिलेला असतो. तो कोमट साबणाच्या पाण्याने धुतल्यावाचून रंग धरत नाही. त्यानंतर ओतताना राहिलेला ठोकळा बारीक करवतीने कापावा. येथे एक धोका ध्यानी ठेवणे अवश्य आहे. रेझिनची भुकटी अत्यंत सूक्ष्म असून श्वासावाटे फुप्फुसात जाणे अपायकारक असते. म्हणून घासणे ते पाण्यात भिजविलेल्या पॉलिशपेपरनेच करावे, तोंडानाकावर योग्य मुखवटा असावा आणि मुलांना त्या मेजापासून दूर ठेवावे.

वाकलेला भाग गरम पाण्यात काही क्षण धरला की नरम पडतो. तो सरळ करून थंड पाण्यात बुडवावा. हवेच्या बुडबुड्यांची छिद्रे लांबीने भरावी. प्लॅस्टिक विरघळवून सांधणारा डिंक येथे निरुपयोगी. सायनोॲक्रिलेट किंवा इपॉक्सी वापरावे लागते. पहिले क्षणार्धात चिकटते, म्हणून सांधे आधी कोरडेच जुळवून पाहावे. आसांसाठी सावकाश सुकणारे इपॉक्सी बरे. ते ओले असतानाच सांगाडा सपाट काचेवर ठेवावा. चारही चाके काचेस टेकली नाहीत तर दुरुस्तीस तेवढीच वेळ उरते.

अस्तराचा हात दिल्यावर मळकट हिरवा रंग येतो. एवढ्या लहान वस्तूवर मूळ छटा फार गडद भासते. तीत किंचित फिका रंग मिसळावा. चिन्हांविषयी मात्र सैल राहून चालत नाही. वर्तुळातील पांढरा तारा हा युद्धाच्या उत्तरार्धातील गाड्यांवर सर्वत्र दिसू लागला. बॅन्टमची बांधणी १९४१ सालची, आणि तिच्या पुष्कळ गाड्या ब्रिटन व सोव्हिएट रशियाकडे गेल्या. सवयीने तो तारा चिकटविला तर प्रतिकृती देखणी होईल, पण खोटे सांगेल.

मूळ गाड्यांपैकी आज फारच थोड्या शिल्लक आहेत. ज्या लहान कारखान्याचे श्रेय मोठ्यांच्या गर्दीत झाकले गेले, त्याची ओळख नऊ सेंटीमीटरांच्या या वस्तूतून घराघरांत टिकू शकते. मात्र ती घडविणाऱ्याने हाताइतकाच इतिहासही जपून वापरला पाहिजे.