नक्कल : छापणे सोपे, शोधणे अवघड

मेळघाटातल्या कोरकू कुटुंबातला मुलगा राखीव जागेवर नोकरी किंवा प्रवेश मागू लागला, की त्याला आजा-पणजाचा कागद लागतो. अनुसूचित जमातींच्या दाव्यात ६ सप्टेंबर १९५० ही तारीख कळीची. तिच्या आधीची शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरातली, कोतवाल बुकातली (म्हणजे गावच्या जन्म-मृत्यू नोंदवहीतली) किंवा महसुली दप्तरातली नोंद सापडली तर दाव्याला वजन येते. दावा तपासणारी समिती अमरावतीला, म्हणजे मेळघाटातल्या धारणी ह्या तालुक्याच्या गावापासून घाटरस्त्याने सुमारे दीडशे किलोमीटरवर. त्यामुळे धारणीत अशा नोंदीच्या नकलेची खरी किंमत पानामागच्या शुल्कात मोजता येत नाही; ती बुडालेल्या मजुरीत आणि तालुक्याच्या चकरांत मोजावी लागते. सरकारने नकला देण्याच्या कामात खासगी माणूस आणला तो ह्याच चकरा वाचवण्यासाठी. आधी तहसीलच्या आवारातले सेतू, मग महा ई-सेवा केंद्र आणि आता आपले सरकार सेवा केंद्र, असा हा प्रवास आहे. केंद्र चालवणारा सरकारी नोकर नसतो. त्याची कमाई दाखल झालेल्या अर्जांवर असते. एका अर्जाचे २० रुपयांचे सेवाशुल्क २०२५ साली ५० रुपये झाले.

ह्या व्यवस्थेला सरसकट नावे ठेवणे अन्यायाचे होईल. सरकारी नक्कल पूर्वी निखळ सरकारी हातानेच निघत होती, हा समजही फारसा खरा नाही. ब्रिटिश अमदानीत कितीतरी कचेऱ्यांतले नकलनवीस पगारावर नव्हे, तर लिहिलेल्या कामाच्या हिशेबाने मोबदला घेत. नकलेला कायदेशीर मोल येते ते लिहिणाऱ्याच्या हातामुळे नाही. १८७२च्या पुरावा कायद्याच्या कलम ७६ने मूळ दस्त ज्याच्या ताब्यात आहे त्या लोकसेवकालाच प्रमाणित प्रत देण्यास बांधले, आणि १ जुलै २०२४पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमात तीच तरतूद कलम ७५ म्हणून कायम आहे. म्हणजे नकलेची तीन कामे होतात : नोंद शोधणे, तिची प्रत काढणे आणि प्रत खरी असल्याची सही करणे. मधले काम कोणीही करावे. यंत्र उत्तम करते. सही मात्र कंत्राटात देता येत नाही. उरले शोधणे, आणि सगळी गोम तिथेच आहे.

सातबाराचा अनुभव हेच सांगतो. १ मे २०१८पासून डिजिटल सहीचा सातबारा मिळू लागला आणि १५ रुपयांत तलाठ्याच्या दारची वाट सुटली. हे साधले कारण तिथे शोधायचे काही उरलेच नव्हते. गट नंबर टाकला की उतारा समोर. कोतवाल बुकाला गट नंबर नसतो. पाने जीर्ण, शाई उडालेली, काही नोंदी मोडी लिपीत. त्यातून कोरकू ही मुंडा कुळातली भाषा, आणि नाव कागदावर उतरवणारा बहुधा मराठी किंवा हिंदी कानाचा. एकाच माणसाचे नाव शाळेत एक, महसुलात दुसरे असणे स्वाभाविक आहे. २०२३मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीसाठी कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हा मोडी वाचणाऱ्यांना राज्यभर मागणी आली. दप्तर उघडणे आणि दप्तर वाचणे ह्यांतले अंतर तेव्हा सगळ्यांना दिसले.

सगळे स्कॅन केले की प्रश्न मिटेल, असे म्हणणारे पुष्कळ आहेत. स्कॅनिंग हवेच, मूळ कागद हाताळून फाटत असताना तर आधी हवे. पण पानांच्या संख्येवर पैसे मोजले की कंत्राटदार पाने मोजून देतो. गाव, साल, नाव आणि नावाची पर्यायी रूपे अशी सूची तो फुकट का करील? सूचीविना लाखो पानांची चित्रे म्हणजे संगणकात कोंडलेला तोच जुना गठ्ठा. शिवाय चित्र पोचायला जोडणी लागते. धारणी तालुक्यातलेच हरिसाल २०१६मध्ये डिजिटल गाव म्हणून गाजले आणि २०१९च्या लोकसभा प्रचारात त्याच दाव्यावरून राज्यभर वाद झाला. यंत्र बसवणे आणि सेवा चालू राहणे ह्या दोन गोष्टी आहेत, इतका धडा त्यातून घ्यायला हरकत नाही.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे : कचेरीत माणसेच नाहीत, मग बाहेरून घेऊ नये तर काय करावे? घ्यावीत, पण शोधण्यासाठी घ्यावीत. मोडी वाचणारा आणि कोरकू नावे ओळखणारा स्थानिक माणूस अभिलेख कक्षात, सरकारी कर्मचाऱ्याच्या नजरेखाली बसवावा. मोबदला तपासून पक्क्या ठरलेल्या सूचीनोंदीवर द्यावा आणि मूळ दप्तर कक्षाबाहेर जाऊ देऊ नये. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम २०१५प्रमाणे अधिसूचित सेवेत दिरंगाई झाली तर ५०० ते ५००० रुपयांची शास्ती पदनिर्देशित अधिकाऱ्याला होते; केंद्रचालक हा तो अधिकारी नव्हे. खिडकी खासगी झाली तरी जबाबदारी सरकारचीच राहते. म्हणून निविदेत पानाच्या दराआधी एक अट यावी : अर्ज केल्यापासून नोंद सापडेपर्यंत, किंवा ती नसल्याचा लेखी दाखला मिळेपर्यंत, किती दिवस लागतील. धारणीच्या अर्जदाराला ‘नाही’ हे उत्तरसुद्धा कागदावर आणि वेळेत मिळाले, तर तो निदान दुसऱ्या पुराव्याच्या मागे लागू शकतो.